आमच्यासाठी कुलपात ठेवलेला संडास

वर्षातून पंधरा दिवस येणाऱ्या लेकीसाठी आई चांगली वस्तू वर्षभर कुलपात का ठेवते? 

आम्ही आज सकाळीच मस्कतहून सुट्टीला माझ्या माहेरी, सिरसाळ्याजवळच्या वस्तीवर आलो. माझ्या पाच वर्षांच्या लेकीची गैरसोय नको म्हणून माझ्या वडिलांनी, आबांनी, गेल्या वर्षी कमोडचा संडास बांधून घेतला. लेकीला घेऊन गेले, तर दाराला कुलूप! आईनं पदराची किल्ली सोडून दार उघडलं आणि स्वतः मात्र भिंत धरत जुन्या संडासाकडे निघाली. तिचे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी उकिडवं बसू नका म्हणून बजावलंय.

"आई, तू हा कावून वापरत न्हाईस?"

"तुमच्यासाठी हाय तो. आमी वापरून खराब कशाला करायचा?"

बाजेवरून आबा म्हणाले, "मी गेलतो एकदा. तुझ्या मायनं दोन दिवस लई ऐकवलं."

सगळे हसलो. पण मी घरातली पहिली पदवीधर झाले, ती याच गुडघ्यांमुळे. कॉलेजची तीन वर्षं आई शेरडं सोडायच्या आधी रोज मला फाट्यापर्यंत सोडायला चालत यायची आणि बस सुटल्यावरच माघारी फिरायची. त्याचे आभार शब्दांत मानायला गेले, तर तीच मला गप्प करेल.

तुमच्याही घरी तुमच्या वाटेकडे डोळे लावून काही कुलपात पडलंय का? एकदा बघा.

मी दुपारी पेचकस घेतला आणि दाराचा बाहेरचा कोयंडाच काढून टाकला. कुलूप किल्लीसकट माझ्या बॅगेत आहे.