मुळाबरोबर विरणारा लेप

रशीद गेल्याचा फोन त्याच्या मुलाने अमरावतीहून केला, तेव्हा मी अकोल्यातील माझ्या दवाखान्यात एका रुग्णाची दाढ भरत होतो. "अब्बा गेले, काका," एवढेच तो बोलला. मी हातातले काम पुरे करूनच निघालो. अर्धवट सोडलेली दाढ रशीदला खपली नसती.

दंतवैद्यकाच्या वर्गात आम्ही शेजारी बसत असू. पुढे तो मुलांच्या दातांकडे वळला, मी मोठ्यांच्या. भांडण अखेरपर्यंत एकच राहिले... दातात भरायचे ते किती टिकाऊ असावे.

चार वर्षांपूर्वी माझ्या नातीची, सईची, दुधाची दाढ खोलवर किडली. ती काढली असती तर शेजारचे दात सरकून नव्या दाताची जागा गेली असती. मी तिला रशीदकडे नेले. वरची सडलेली नस काढून त्याने ओला कापूस दाबून धरला. रक्त थांबेना. रक्त थांबवणारे औषध लाव, असे मी सुचवले. "त्यानं रक्त थांबन, पण खालची सड झाकून जाईन. काहून घाई करून राहिला बे?" मग सईला म्हणाला, "बेटा, तुह्या आबाले बाहेर बसवू का?" ती उघड्या तोंडानेच हसली.

नस मुळांपर्यंत काढावी लागली. त्या मुळांत मला घट्ट बसणारा जस्ताचा लेप हवा होता. त्याने पिवळा, मऊ लेप उचलला. तो झिजतो, अशी माझी हरकत. "झिजालेच पाह्यजे. पक्का दात वर याले लागला का हे मूळ विरते. लेप तिथंच अडून बसला तं नवा दात वाकडा निघन. तुले सारं टिकाऊ लागते... याले तं जायचंच हाये."

त्यानंतर वर्षातून एकदा मी सईला त्याच्याकडे नेत असे. गेल्या खेपेला तो पलंगावरच होता. बोलताना धाप लागत होती. एक्स-रे पाहून म्हणाला, "विरून राहिलं मूळ बराबर. दाढ पडली का मले आणून दाखवजो, बेटा."

मागील आठवड्यात ती दाढ हलू लागली. एक्स-रे मी स्वतः काढला. मुळे जवळजवळ विरली आहेत, लेपाचा मागमूस नाही. खालून नवा दात सरळ वर येतो आहे.

"पडली का कोणाले दाखवू, आबा?" सईने विचारले.

मी तपासायचा आरसा खाली ठेवला आणि तिला तोंड मिटायला सांगितले.