प्रवासाला इंग्रजीत काय म्हणायचं

अंगाची हळद उतरायच्या आत हे आफ्रिकेला परत गेले. मोंबासापासून बऱ्याच आत, रेल्वेच्या एका ठाण्यावर ते कारकून होते. मी महाडच्या घरात राहिले. घरात मामंजी, त्यांच्या विधवा बहीण म्हणजे आमच्या आत्याबाई, आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आत्याबाईंना ऐकू कमी येई, त्यामुळे त्यांचं बोलणं देवाशीच जास्त. मामंजी इंग्रजी शाळेतले निवृत्त मास्तर. पान वाढलं की मी दाराआडून सांगायची आणि ते "हूं" म्हणून उठायचे. दिवसभरात आमचं तेवढंच बोलणं.

माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथे एका बांधावरून दुसऱ्या बांधावर सारखी कुणाची तरी हाक चाललेली. इथे भांडं खाली ठेवलं तरी दचकायला व्हायचं. पाणी काढायला गेले की मी विहिरीत वाकून "गो!" म्हणून हाक मारायची. आतून "गो!" यायचं. तेवढंच बरं वाटायचं.

वर्षभराने यांचं पत्र आलं. मामंजींनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मला तिकडे बोलावलं होतं, पण त्याआधी थोडं इंग्रजी शिकवा, असं लिहिलं होतं. हे कामावर चार-चार दिवस बाहेर असत. ते नसताना डॉक्टर लागला, स्टेशनात कुणाला निरोप द्यायचा झाला, तर माझं अडेल, असं त्यांचं म्हणणं. मामंजींनी पत्राची घडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून दुपारी पाटी घेऊन बसत जा."

ते ओटीवर बसायचे, तोंड रस्त्याकडे. मी उंबऱ्याच्या आत. ते रस्त्याला शिकवताहेत आणि मी चोरून ऐकतेय, असंच कुणाला वाटलं असतं. माझी मराठी चौथी झालेली होती, त्यामुळे अक्षरं लवकर आली. माझ्या बोलण्यातलं 'हाय' आणि 'नाय' त्यांनी कधी सुधारलं नाही. इंग्रजीत मात्र एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपत नसे.

पावसाळ्याच्या शेवटी वाक्यं करायला घेतली. मी आफ्रिकेला जाणार, असं इंग्रजीत सांग, म्हणाले. मी सांगितलं, त्यात 'ट्रिप' म्हटलं.

"ट्रिप नव्हे," मामंजी म्हणाले. "ट्रिप म्हणजे जाऊन येणं. परतायचं आहे हे त्यात धरलेलंच असतं. जर्नी म्हणजे इथून तिथे जाणं, लांबचं. परतण्याचं त्यात काही सांगितलेलं नसतं. समुद्रावरून लांब जायचं तर व्हॉयेज. आणि ट्रॅव्हल म्हणजे नुसतं प्रवास करणं. एक ट्रॅव्हल, दोन ट्रॅव्हल असं मोजायचं नाही."

मला गंमत वाटली. आमच्याकडे कुठेही जा, प्रवास तो प्रवास. मी विचारलं, "मंग मी पोलादपुरास जाते ती?"

"दोन दिवसांनी परत येतेस. ट्रिप."

"आणि लग्न होऊन इथं आले ती?"

रस्त्याने एक बैलगाडी गेली, ती नजरेआड होईपर्यंत ते बघत राहिले. मग म्हणाले, "जर्नी."

"इथून बाणकोटास होडीनं जायाचं, ती व्हॉयेज का?"

"नदीतली आहे ती. व्हॉयेज म्हणजे फारच झालं. जर्नी म्हण. बाणकोटाला आगबोटीत बसलीस की मग व्हॉयेज."

"आणि आत्याबाई काशीला जाऊन आल्या ती?"

तेव्हा मामंजी हसले. त्या घरात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. "त्याला निराळा शब्द आहे. अवघड आहे. उद्या सांगेन."

त्यानंतर दुपार कधी होते याची मी वाट बघू लागले. मला वाटतं, तेही बघत असावेत. माझी भांडी आवरून व्हायच्या आत ओटीवर खाकरणं ऐकू येई. धडा संपला तरी ते काहीतरी काढायचे. माहेरी भात कोणतं लावतात, शाळेला डोंगर उतरून यायला वाट कशी होती. मी सांगायची आणि ते त्याचं इंग्रजी करून द्यायचे.

पावसाळ्यात बंद असलेल्या आगबोटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा बाजारपेठेतले एक व्यापारी घरी आले. ते बायकोला घेऊन मोंबासाला निघाले होते. मामंजींना म्हणाले, "सूनबाईंना आमच्याबरोबर पाठवा. बाईमाणसाची सोबत आहे, अशी पुन्हा मिळायची नाही."

मी आत चहा गाळत होते. त्याच दुपारी मामंजी मला म्हणाले होते, आता तुझं कुठे अडायचं नाही.

बाहेर ते म्हणाले, "तिचं इंग्रजी अजून कच्चं आहे. पुढल्या वर्षी बघू."

चहा मी आत्याबाईंच्या हाती बाहेर पाठवला. काय ठरलं ते व्यापाऱ्यांनी त्यांना मोठ्याने सांगितलेलं मला आत ऐकू आलं. रागही धड येईना. कुणापाशी बोलावं तर बोलायचं ज्यांच्यापाशी, त्यांनीच हे केलेलं.

दुसऱ्या दिवशी मी पाटी घेतली नाही. ओटीवर खाकरणं झालं. थोड्या वेळाने पुन्हा झालं. मी चुलीपुढे बसून राहिले. तेवढ्यात आत्याबाईंचा आवाज आला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं बोलणं, सगळ्या घराला ऐकू जाणारं.

"पोरीला कशाला अडवतोस रे? या घरात मी अडकले तेवढी पुरे नाही का?"

मामंजी काय बोलले ते कळलं नाही. मग पावलं वाजली आणि ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्या दारात ते कधी येत नसत. मी पदर सावरून उठले.

"सूनबाई, तुझं इंग्रजी कच्चं नाही. मी खोटं बोललो त्यांच्याशी." थोडं थांबून म्हणाले, "दुपारचं कुणीतरी बोलतं घरात. त्याची सवय झाली."

मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी कोट चढवला, टोपी घातली आणि त्या उन्हात बाजारपेठेत गेले. परत आले ते माझं जायचं ठरवूनच.

निघायच्या दिवशी भरतीच्या वेळेला होडी सुटायची होती. आत्याबाई घरीच राहिल्या. त्यांनी कोकमं बांधून दिली होती. मामंजी छत्री घेऊन बंदरावर आले. होडीत चढण्याआधी मी वाकून नमस्कार केला, तेव्हा ते इंग्रजीत म्हणाले, तुझी व्हॉयेज सुखाची होवो. धड्याबाहेर ते माझ्याशी इंग्रजी बोलले ते तेवढंच. मी म्हटलं, "थँक यू, मामंजी." व्यापाऱ्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. मामंजी हसले नाहीत. नदीच्या वळणापर्यंत त्यांची छत्री दिसत होती.

तिकडे हे माझ्याशी प्रेमाने वागले. पण कामावर गेले की दिवसचे दिवस मी आणि पत्र्यावर वाजणारा वारा. मी मामंजींना इंग्रजीत पत्रं लिहायची. ते उत्तरात आधी माझ्या चुका दुरुस्त करून पाठवायचे, मग खुशाली. एका पत्रात चुकांच्या खाली एकच ओळ होती, आत्याबाई गेल्याची. पुढे एकदा पत्र आलं ते शेजाऱ्यांच्या हातचं. मामंजी झोपेतच गेले होते.

रजा मिळून आम्ही महाडला आलो तेव्हा घराला कुलूप होतं. किल्ली शेजारणीकडे. ती म्हणाली, "दुपारी रोज ओटीवर बसायचे हो. आमच्या मुलींना हाका मारायचे, या, शिकवतो म्हणून. पण मास्तर म्हटल्यावर मुली घाबरायच्या. जायच्याच नाहीत."

मी घर झाडून काढलं, ओटी सारवली. यांनी विचारलं, "पोलादपूरला कधी निघायचं? तुझी आई वाट बघत असेल."

"राहू या थोडे दिवस इथंच," मी म्हटलं.

आम्ही राहिलो. हे दुपारी झोपायचे. मी ओटीवर मामंजींच्या जागी बसायची, तोंड रस्त्याकडे. रस्त्याने येणारी-जाणारी माणसं क्षणभर थांबून बघायची आणि पुढे जायची.