आजोबांची विजार

बिबियानामावशीनं न्यू बेडफर्डच्या मासळी कारखान्यात चाळीस वर्षं कॉड कापला, पण ऐकून कुणाचंच घेतलं नाही. मुकादमाचं नाही, पाद्र्याचं नाही, आणि मी सख्खी भाची, माझं तर नाहीच नाही. लग्नही केलं नाही. आज एकोणऐंशीची आहे आणि तोंड तसंच आहे.

गोदीवरच्या संग्रहालयानं देवमाशांच्या शिकारीचं जुनं जहाज नव्यासारखं केलं आणि आम्हा केप व्हर्डेच्या लोकांकडे जुन्या वस्तू मागितल्या. मावशीकडे तिच्या आजोबांची विजार होती. तेओफिलो आजोबा तिथल्या ब्राव्हा बेटावरून अमेरिकेत आलेले हार्पूनवाले, म्हणजे देवमाशावर पहिला भाला फेकणारे. हे आमच्याकडे प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक मयतीला सांगितलं जातं. याच जहाजाच्या कॅप्टनच्या वहीत मात्र ते नुसते ‘खलाशी’.

‘‘मग पाटीवर खलाशीच लिहावं लागेल, मिस बारोस,’’ संग्रहालयाचे प्रेंटिससाहेब म्हणाले. वय तिशीचं, टाय कडक.

‘‘चल माझ्याबरोबर,’’ मावशी त्यांना म्हणाली.

डेकवर लोक फोटो काढत होते. कठड्याशी शिकारीची छोटी बोट ठेवली होती. तिच्या पुढच्या टोकाला फळीत अर्धगोल खाच असते. भाला फेकताना माणूस त्या खाचेत डावी मांडी रोवून उभा राहतो. मावशीनं विजार पसरली. डाव्या मांडीवर ठिगळांचे पाच थर होते.

‘‘खाचेत बोटीचा अधिकारीही उभा राहायचा,’’ साहेब म्हणाले. ‘‘देवमाशाला संपवायला.’’

‘‘राहायचा ना. आणि तोवर काय करायचा?’’

‘‘मागे उभं राहून सुकाणू धरायचा.’’

‘‘उभं राहून!’’ मावशीनं विजार उलटी केली. बसायच्या जागी आणखी चार थर. ‘‘मग हे कुणाचं बूड झिजलं रे पोरा? आधी बसून वल्ही मारायची आणि मग उठून खाचेत उभं राहायचं, अशी दोन्ही कामं त्या बोटीत कुणाची?’’

साहेबांनी टाय सैल केला. ‘‘हार्पूनवाल्याची,’’ ते म्हणाले. ‘‘समितीपुढे ठेवतो.’’

वसंतात संग्रहालयाचा फोन आला. रविवारी चर्चमधून परस्पर गेलो. काचेची पेटी उघडी होती, पाटी लागली होती. मावशीनं चष्मा लावून वाचली. ‘खलाशाची विजार. बहुधा हार्पूनवाल्याची.’

‘‘हे बहुधा कशाला?’’

‘‘कागद नाही ना, मिस बारोस.’’

‘‘कॅप्टनच्या पाटीवर आहे का बहुधा?’’

‘‘त्यांचा कागद आहे.’’

‘‘तो लिहिला कुणी?’’

साहेब खाली बघत म्हणाले, ‘‘कॅप्टननीच.’’

‘‘मग काढ ते बहुधा.’’

‘‘तो अधिकार मला नाही.’’

मला वाटलं, आता रडते. मलाच रडू येत होतं. मावशीनं पेटीतून विजार काढून चर्चच्या झग्यावरूनच चढवली, कमरेला माझा स्कार्फ बांधला आणि जहाजावर गेली. बोटीत चढून तिनं डावी मांडी खाचेत रोवली. ठिगळ बरोबर बसलं.

‘‘आजीबाई, खाली उतरा!’’ पहारेकरी धावला.

‘‘आमचा माणूस या जागेवरून कधी आपणहून उतरलेला नाही,’’ मावशी म्हणाली. मग मागून आलेल्या प्रेंटिससाहेबांकडे बोट केलं. ‘‘फोटो काढ. पेटीत तोच लाव. खाली लिही, हार्पूनवाल्या तेओफिलो बारोसची नात. आणि बहुधा लिहिलंस तर बघ!’’