ताप डोक्यातनं येतो

आमच्या थोरल्या दिरांच्या खांद्यावर बारा महिने घोंगडी असते. चैतातल्या उन्हानं जीव नकोसा होतो, तरी ते शेरडं घेऊन निघाले की सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, मागनं जाऊन ती त्यांच्या अंगावर टाकणारच. दीर चाळिशीचे. बोलतात चार-दोन शब्द, हसतात मात्र मोकळं. लहानपणी त्यांचा ताप डोक्यात गेला, एवढंच मला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. घोंगडीचं विचारलं की आत्या म्हणायच्या, "तू तुझं बघ." मग मीही तोंड फुगवून माझं बघायची.

यंदा चैतात माझी लहानगी लेक तापानं फणफणली. हात लावला तर चटका बसावा, आणि पोरगी कुडकुडतेय, दात वाजतायत, "आई, थंडी" म्हणतेय. मला काही उमजेना. एवढ्या तापल्या अंगाला थंडी कसली? मी फ्रॉक काढून ओल्या फडक्यानं अंग पुसायला घेतलं, तर आत्यांनी दिरांच्या खांद्यावरची घोंगडी ओढून तिच्यावर टाकली. मी काढली. त्यांनी परत टाकली.

"अवो, भाजून निघंल ना ती!"

"काढू नगं! पाया पडते तुझ्या, काढू नगं!"

सासूनं सुनेला पाया पडते म्हणावं?  पोरीला तशीच घोंगडीसकट उचलली आणि शेजारच्या मामांच्या गाडीतनं दौंड गाठलं. आमचे हे रांजणगावच्या कंपनीत ड्युटीवर, त्यांचा फोन लागेल तर शपथ.

डॉक्टरबाईंनी पोरीला तपासलं, औषध पाजलं, रक्त काढून घेतलं. मी म्हटलं, "मॅडम, अंग तापलंय आन् हिला थंडी वाजतीय. पांघरूण घालू का काढू, तेवढं सांगा."

"जंतू शिरले की रक्तातल्या पेशी मेंदूला सांगावा धाडतात," बाई म्हणाल्या. "अंग किती गरम ठेवायचं ते मेंदू ठरवतो. सांगावा आला की तो गरमीचा काटा वर सरकवतो, जंतूंशी झुंजायला बरं पडावं म्हणून. काटा वर आणि अंग अजून खाली, म्हणून पोरीला थंडी वाजते. थरथरून थरथरून अंग तापतं. काटा खाली आला की घाम सुटेल बघा."

"म्हंजी ताप डोक्यातनं येतो?"

"तसंच म्हणा."

निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. आजवर डोक्याला ताप म्हणजे माझ्या लेखी नवऱ्याचा मित्रपरिवार. आपलंच डोकं आपलं अंग तापवतं, तेही आपल्या भल्यासाठी, हे काही पचनी पडेना. पांघरुणाचं उत्तर तर मिळायचंच राहिलं. तरी घरी कळवावं म्हणून फोन लावला. "आत्या, डॉक्टरबाई म्हणत्यात, ताप डोक्यात..." एवढ्यात फोन बंद. मला वाटलं, रेंज गेली.

रेंज कसली जातेय! थोड्या वेळानं आत्या मिळेल त्या गाडीनं, दिरांचा हात धरून दवाखान्यात हजर. डोळे रडून लाल.

"तूच म्हणलीस, ताप डोक्यात गेला!"

"गेला न्हाई वो! येतो! डोक्यातनं येतो!"

"आला काय आन् गेला काय, त्याचं डोक्याशी काम काय?"

  मला नीट कळलं नसलं तर? खरंच गेला असला तर? मी लेकीकडं बघितलं, दिरांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघून हसले आणि मला रडूच कोसळलं.

आत्यांनी दिरांना डॉक्टरबाईंसमोर उभं केलं. "बाई, नात ह्याच्यावाणी व्हईल का?"

"नाही हो आजी. ती ओळखतेय, पाणी मागतेय, मान वळवतेय. नुसता ताप चढला म्हणून मेंदू असा बिघडत नाही. यांचं वेगळं असेल, जंतू मेंदूतच शिरले असतील."

"ह्यो ल्हान हुता तवा थंडी वाजतीय म्हणत हुता," आत्या म्हणाल्या. "मी म्हणलं, अंग तापलंय, आन् घोंगडी काढली. लगीच झटकं आलं. मी काढली म्हणून ताप डोक्यात गेला ना?"

"घोंगडी काढल्यानं तसं काही होत नाही, आजी."

"मंग कशानं झालं?"

"ते आता मी कसं सांगू?"

आत्या बाकावर बसल्या. एवढी वर्षं उराशी धरलेला दोष गेला, तर माणसाला हायसं वाटायला हवं ना? त्या तर कुणीतरी काही हिसकावून घेतल्यासारख्या बसलेल्या. मी बरं वाटून घेऊ की वाईट, मलाही ठरवता येईना.

दुपार कलली तशी पोरीला दरदरून घाम फुटला आणि तिनं कलिंगड मागितलं. रक्ताचा रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या, घाबरायचं कारण नाही, घरी न्या. आम्ही फाटकाशी आलो. उन्हं अजून चटकत होती. दिरांनी सवयीनं माझ्या हातावरची घोंगडी उचलून खांद्यावर घेतली.

"काढ रं ती," आत्या म्हणाल्या. "उकडत आसंल तुला."

ते गोंधळून आईकडं बघतच राहिले. मग आत्यांनीच घोंगडी ओढून काखेत मारली. खालचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. आत्या पदरानं त्यांची मान पुसायला लागल्या, आणि पुसतच राहिल्या.