सातबारा बोर्डाच्या नावावर

धाराशिवच्या एसटी स्टँडमागं कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तो माणूस काढलेला प्रत्येक स्क्रू जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकावर चिकटवून ठेवायचा. माझ्या कॉम्प्युटरची याआधी रॅम बदलली, डिस्क बदलली, तरी विंडोजनं कधी तक्रार केली नाही. या खेपेला जळालेला मदरबोर्ड बदलला आणि पडद्यावर ओळ आली, लायसन्स सापडत नाही.

"असं कसं? कॉम्प्युटर माझाच आहे ना?" मी विचारलं.

"कॉम्प्युटर तुमचा हाय, सर. पण त्यासंगं आलेल्या विंडोजचा सातबारा जुन्या बोर्डाच्या नावावर हाय. आता नवं लायसन्स घ्यावं लागंल."

मग त्यानं तो जळका बोर्ड फडक्यानं पुसला, पेपरात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी माझ्या हवाली केला.

"लगेच भंगारात टाकू नका. मालक हाय त्यो."