सुईला अडकलेला निवाडा

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कायद्याची पुस्तकं विषयवार नव्हती, मयतवार होती. एखादे जुने वकील गेले की घरचे त्यांची पुस्तकं कॉलेजला देत, आणि ग्रंथपाल ती त्याच वकिलांच्या नावाच्या कपाटात लावत. निवाडा हवा असेल तर तो कोण वारल्यामुळे आला हे आधी माहीत हवं.

मला वाटेच्या हक्कावरचा निवाडा हवा होता. पालीच्या पुढे आमच्या घराकडे जाणाऱ्या पाणंदीत शेजाऱ्याने चिऱ्यांचा गडगा घालून वाट अडवली होती आणि वडिलांनी दावा लावला होता. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कायदा आता घरचाच झाला, असा वडिलांचा समज. आमच्या वकिलांचाही तसाच असावा. "तूच शोध एखादा निवाडा," म्हणाले.

"विषयानुसार लावली तर, सर?" मी ग्रंथपालांना भीत भीत विचारलं.

"लाव की. मला विषय कुठे कळतात? मी आपला माणसं ओळखतो."

झालं, मी सुधारणा हाती घेतली. युक्ती एका मासिकात वाचलेली. प्रत्येक निवाड्याचं एक कार्ड, त्याच्या कडेला ओळीने भोकं, एकेक भोक एकेका विषयाचं. निवाड्याचा जो विषय, ते भोक कात्रीने कडेपर्यंत उघडायचं. मग गठ्ठ्याच्या हव्या त्या विषयाच्या भोकांतून विणकामाची सुई घालून उचलली की बंद भोकांची कार्डं सुईवर राहतात आणि हवी ती आपोआप खाली पडतात. डोकं चालवायचं काम सुईचं, आपण फक्त वेचायचं. पावसाळाभर मी निवाडे वाचले, भोकं पाडली आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजलो.

तारखेच्या आदल्या दिवशी वडील एसटीने आले. त्यांच्यासमोर मी 'रस्ता' या भोकांत सुई घातली आणि गठ्ठा उचलला. एकच कार्ड पडलं. सरकारी रस्त्यावर गुरं मोकाट सोडल्याबद्दल दंड.

"गुरं आपली न्हवती रे," वडील काळजीने म्हणाले.

ग्रंथपालांनी चष्मा वर केला. "वाट अडवल्याचा ना? राजापूरच्या वकीलसाहेबांचं कपाट, खालचा कप्पा, वाळवीने कोपरा खाल्लेला खंड. जन्मभर वाटांसाठीच भांडले ते."

निवाडा तिथेच होता. शेजाऱ्याने विहिरीकडची वाट बंद केलेली, कोर्टाने ती उघडायला लावलेली. त्याचं कार्डही होतं, माझ्याच अक्षरातलं. त्यावर मी फक्त 'विहीर' उघडली होती. विहीर, रहाट, पाणी सगळं मला दिसलं. स्वतःच्या दारात गडगा असून वाट तेवढी दिसली नाही. सुईने बिचारीने ते कार्ड आज्ञाधारकपणे धरून ठेवलं होतं.

"चूक सुईची का तुझी?" वडिलांनी विचारलं.

"माझी."

"मग बरं. सुई काय सुधारायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी वकिलांनी तो निवाडा वाचला आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत वाट मोकळी ठेवण्याचा हुकूम झाला. शेजाऱ्याने हुकूम तंतोतंत पाळला. एक माणूस तिरका होऊन जाईल एवढेच चिरे काढले. वडील गवताचा भारा आधी पलीकडे टाकत, मग स्वतः जात; पण जात.

खंड परत करताना मी त्या कार्डावर 'रस्ता' उघडला. मग ग्रंथपालांच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि ते सांगतील तशी प्रत्येक कार्डाला भोकांची आणखी एक ओळ पाडत गेलो, एकेक भोक एकेका मयत वकिलाचं.