वसंतनाना आणि अण्णांचा शब्द

वसंतनानांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं, तर ते त्याचं उत्तर कधीच द्यायचे नाहीत. उलट समोरच्यालाच विचारायचे, "ते ऱ्हाऊ दे. काय वाची ऱ्हायना?" म्हणजे, सध्या काय वाचताय? हा प्रश्न त्यांनी बँकेतल्या कॅशियरला विचारला होता, शेव-भाजीच्या हॉटेलातल्या मालकाला विचारला होता. दातांच्या डॉक्टरांना तर स्वतःच्या तोंडात कापसाचा बोळा असतानाच विचारला होता, आणि त्या बिचाऱ्यांना तो कळावा म्हणून बोळा काढून पुन्हा विचारला होता.

नाना मूळचे धुळ्याकडचे. टेलिफोन खात्यातली नोकरी जळगावात संपली आणि ते इथेच राहिले. कार्यालयात आयुष्य गेल्यामुळे शुद्ध मराठी त्यांना उत्तम यायची, पण पुस्तकाविषयी बोलायचं झालं की ते अहिराणीवर यायचे. "प्रेमनी गोष्ट परक्या बोलीमा कशी सांगू?" असं म्हणायचे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या औषधांच्या दुकानात. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आले होते. मी वाचता वाचता उठले होते आणि पुस्तक काउंटरवर पालथं ठेवलं होतं. त्यांनी चिठ्ठी पुढे केली नाही. आधी ते पुस्तक उचललं, खिशातलं बसचं तिकीट त्या पानात घातलं आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "पालथं ठेवू नको बेटा. पुस्तकनी पाठ मोडस." मग गोळ्यांची चिठ्ठी दिली. त्या दिवसापासून आमची ओळख झाली, आणि ती फार लवकर घरच्यासारखी झाली.

दर रविवारी सकाळी एका बागेत नानांची बैठक असायची. जो येईल त्याने आपण सध्या काय वाचतोय ते सांगायचं. शिक्षक यायचे, एक निवृत्त फौजदार यायचे, जामनेरहून एक कापूस व्यापारी मोटरसायकलवर यायचा. नियम एकच होता. "पुस्तकमा काय शे ते सांगू नको. ते आम्ही वाचसूत. पुस्तकनी तुन्हं काय कयं, ते सांग." पुस्तकानं तुझं काय केलं! सुरुवातीला लोक अडखळायचे. मग एखाद्या रविवारी ते फौजदार एका साध्याशा कादंबरीबद्दल बोलता बोलता आपल्या दुरावलेल्या मुलाबद्दल बोलू लागायचे. नाना तेव्हा मान खाली घालून ऐकायचे. इतकं चांगलं ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी आजही म्हणते.

पुस्तक सुचवण्याची त्यांची पद्धत न्यारी होती. ते आवड विचारायचे नाहीत. झोप कशी लागते, घरी कोण कोण आहे, सध्या कुणावर राग आहे, असलं काही विचारायचे आणि मग जाड भिंगांमधून वर बघत एक नाव सांगायचे. "बाकीनं बठ्ठं सोडी दे, आधी हाई वाच. पहिला पानं सोसी ले, मंग पुस्तकच तुले सोडत नही." आणि खरंच तसं व्हायचं. माझ्या दुकानात रोज हजार तऱ्हेची औषधं जायची, पण इतकी अचूक चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर माझ्या पाहण्यात नव्हता.

माझे वडील, अण्णा, जळगावजवळच असोद्याला होते. केळीचे बागायतदार. अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा भाग गेला. वाचाही गेली. डोळ्यांत सगळं कळायचं, पण तोंडातून शब्द नाही. आई त्यांच्याशी दिवसभर बोलायची. पाणी आलं, घड चांगला पडला, अमक्याच्या घरी मुलगी झाली. प्रत्येक वाक्यानंतर थोडी थांबायची, उत्तर येईल म्हणून. ते थांबणं मला बघवायचं नाही.

मी नानांना हे सांगितलं. ते म्हणाले, "वाची दाखाड त्यासले." आणि एक कादंबरी दिली. पुरात अडकलेल्या म्हशी सोडवायला निघालेल्या दोन भावांची गोष्ट होती. मी दुपारी दुकान बंद करून स्कूटीवर असोद्याला जायची आणि अण्णांच्या खाटेशी बसून वाचायची.

एका दुपारी आई शेजारी पापड लाटायला गेली होती. गोष्टीतला धाकटा भाऊ गळ्याएवढ्या पाण्यात उभा होता, आणि नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी पुस्तकात बोट घालून उठले. मागून आवाज आला, "पुढं?"

मी वळले. अण्णांचे ओठ हलत होते. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, जरा चिडून, "पुढं." कुकर तसाच राहिला. मी खाली बसले आणि वाचत सुटले. धाकटा भाऊ वाचला. अण्णा मात्र त्यानंतर एक अक्षर बोलले नाहीत आणि काही दिवसांनी गेले.

हे मी आईला सांगितलं नाही. ती इतके महिने त्यांच्या एका शब्दासाठी खाटेशी बसून होती. तो शब्द आला, तो माझ्या वाट्याला, आणि तोही म्हशींच्या काळजीने. तिला काय वाटलं असतं? तिचं दुःख जरा जुनं झालं की सांगेन, असं मी ठरवलं. बागेतल्या बैठकीतही बोलले नाही. फक्त नानांना सांगितलं, दुकानात, शटर अर्धं ओढून. नानांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "हाई जपी ठेव बेटा. असं कोनलेच भेटत नही."

नंतर एकदा धुळ्याच्या एका वाचनालयात नानांचं भाषण झालं. कुणीतरी मोबाईलवर ते घेतलं आणि त्याचा एक तुकडा इकडून तिकडे फिरत सुटला. मला तो कुणी पाठवला नाही. आईने दाखवला. तिच्या बचतगटाच्या ग्रुपवर आला होता.

"अवं सुनंदे, हे पाह्य," ती म्हणाली. "या मान्साचे वडीलबी आपल्या यांच्यासारखेच पडेल होते."

पडद्यावर नाना होते. पांढरा सदरा, भिंगांचा चष्मा. सांगत होते की त्यांचे वडील आजारी होते, वाचा गेलेली, आणि ते स्वतः वडिलांना पुस्तक वाचून दाखवत होते. पुराची गोष्ट. गळ्याएवढं पाणी. मग ते उठले, आणि मागून वडील म्हणाले, "पुढं?" सभागृहात कुणीतरी हुंदका दिलेला ऐकू आला. नानांनी कुकरसुद्धा सोडला नव्हता. कुकरसुद्धा माझाच होता.

आई डोळे पुसत होती. "त्याच्या नशिबात होतं. त्याचा बाप बोलला. आपले हे कोनाशी काही बोलले नाही."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, बोलले होते गं. अण्णाच बोलले होते. मला म्हणाले होते, पुढं. ही गोष्ट माझी आहे. नानांना मीच सांगितली होती."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, अविश्वासही नव्हता. माया होती. तिने माझा हात हातात घेतला. "मले बरं वाटाले पाहिजे म्हनून सांगून राहिली ना तू? कायले वं? मी सहन केलं आता." मी पुन्हा पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. ती माझा हात थोपटत राहिली. ज्या अर्थी मी इतके दिवस बोलले नव्हते, त्या अर्थी तसं काही झालं नव्हतं, एवढं तिचं सरळ गणित होतं.

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या घरी गेले. चहूकडे पुस्तकं, मधे एक खुर्ची. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यांनी मला काहीही विचारलं नाही.

मी म्हटलं, "नाना, ती माझी होती."

"व्हय," ते म्हणाले.

"मला विचारायचं तरी."

"इचारं असतं तं तू नही म्हनती."

इतकं खरं उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मग तेच बोलू लागले. त्यांचे वडील गेले तेव्हा ते तिथे नव्हते. नोकरीवर होते, तार उशिरा पोचली. वडिलांना अक्षरओळख नव्हती, आणि मुलाच्या पुस्तकांचा त्यांना रागच होता. "तुन्ही गोष्ट ऐकी आनि माले वाटनं, मन्हा बापनी बी असं म्हनाले पाहिजे व्हतं. पहिल्यांदा सांगी तवय तोंडमा अडकनं. मंग लोकंना डोयामा पानी ऊनं. आते खरं सांगू बेटा? आते माले बी तसंच याद येस."

आता त्यांनाही तसंच आठवत होतं! मी त्यांच्याकडे बघत राहिले. चोरलेली वस्तू परत मागता येते. यांना ती स्वतःचीच वाटू लागली होती. मी एवढंच म्हटलं, "माझ्या आईला तुम्ही सांगा. ती माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

"मी येस असोद्याले," ते म्हणाले. आणि ते आले. त्यांनी शब्द पाळला, हेही सांगितलं पाहिजे.

असोद्याला आमच्या ओट्यावर नाना खुर्चीत बसले. आईने पदर सावरून त्यांना नमस्कार केला. चहा दिला. नानांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अक्का, मी एक सांगाले ऊनू."

आईने त्यांना बोलूच दिलं नाही. "नाना, आधी माझं ऐका. हे गेले तवापासून मले एकच घोर होता. मानूस एकही शब्द न बोलता कसा जाईन? तुमचं ऐकलं आन् वाटलं, माझा नाही बोलला, पन कोनाचा तरी बोलला. तेवढ्यावर मी झोपू लागली. तुम्ही भाग्याचे." आणि तिने पुन्हा हात जोडले.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांगा म्हणून. ओट्यासमोरून केळीच्या पानांनी भरलेली गाडी गेली, ती जाईपर्यंत ते थांबले. मग आईकडे वळून म्हणाले, "व्हय अक्का. भाग्यच ते."

आणि चहा उचलून प्यायले.

मला तेव्हा ओरडता आलं असतं. पण मी माझं आधीच सांगून चुकले होते, आणि आता माझ्याविरुद्ध दोघं होते. त्यातला एक खरं जाणत होता. नानांना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. ते म्हणाले, "तिन्हा चेहरा पाह्यना ना तू? माले जमनं नही." मी म्हटलं, "नाना, तुम्हाला तिचं दुःख दिसलं. माझे वडील नाही दिसले." आपल्या स्कूटरवर बसत त्यांनी हेल्मेट घातलं. काचेमागे त्यांचे डोळे ओले होते की काय, मी पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं.

त्यानंतर ते मुलाकडे धुळ्याला राहायला गेले. गोळ्या तिथेच घेत असतील. रविवारच्या बैठकीच्या मोबाईल ग्रुपवर मात्र त्यांचं 'सध्या वाचतोय' येत राहिलं. पुस्तकाचं नाव आणि खाली दोन ओळी. मी उत्तर दिलं नाही, पण त्यांनी सांगितलेलं प्रत्येक पुस्तक मागवलं आणि वाचलं. एकही वाईट निघालं नाही. याचाच मला फार राग यायचा. पुस्तकांच्या बाबतीत तरी त्यांनी मला कधी फसवायला हवं होतं, म्हणजे त्यांना मनातून काढून टाकणं सोपं गेलं असतं.

गेल्या वर्षी नाना गेले, धुळ्यालाच. ग्रुपवर रात्रंदिवस संदेश येत होते. कुणीतरी त्यांचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'नाना, पुढं!' मग सगळ्यांनीच तेवढं एकच लिहायला सुरुवात केली. शोकसभेच्या फलकावरही तेच होतं. मला चार शब्द बोलायला बोलावलं होतं. मी बरं नाही असं कळवलं.

आई आता थकली आहे. दुपारी तिला झोप येत नाही. मी असोद्याला गेले की ती म्हणते, "त्या नानांचं लाव ना वं." मी मोबाईल तिच्या उशाशी उभा करून देते आणि शेजारी बसते. नाना सांगू लागतात. तो शब्द जवळ आला की आई डोळे मिटते, आणि मीही मिटते. अण्णांचा आवाज आठवायचा मी फार प्रयत्न करते. चिडका होता, घोगरा होता, एवढं माझं मला ठाऊक आहे. पण ऐकू येतो तो नानांचाच.